केळ्याचा श्वास

केळीचा घड बागेतून कापला जातो तेव्हा तो हिरवा असतो, कठीण असतो आणि जिवंत असतो. यांपैकी तिसरी गोष्ट नीट समजायला विज्ञानाला विसाव्या शतकाची पहिली तीन-चार दशके लागली. झाडापासून तोडलेले फळ प्राणवायू घेत राहते, कार्बन डायऑक्साइड सोडत राहते आणि या व्यवहारात थोडे तापतही राहते. हिरव्या केळ्याच्या गरात शंभर भागांत वीसेक भाग पिष्ट असते. पिकल्यावर त्यातले एक-दोन भागच उरतात, बाकीच्याची साखर झालेली असते. त्यामुळे केळ्याचे आयुष्य वाढवणे हे लोणचे टिकवण्यासारखे काम नाही. येथे एका जिवंत वस्तूचा श्वास संथ करायचा असतो, पण तो थांबू द्यायचा नसतो.

भारतात वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या आसपास केळी पिकतात. जगाच्या उत्पादनाचा हा चौथ्याहून मोठा हिस्सा आहे. तरीही 2022-23 मध्ये देशाबाहेर गेली ती सुमारे 3.6 लाख टन, म्हणजे शंभरात एक. उरलेली सारी देशातच खपतात, आणि शेतातून गिऱ्हाइकाच्या हाती पोचेपर्यंत घड्याळाशी त्यांची शर्यत चालू असते. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला भाव पडला म्हणून कापलेला घड आठवडाभर घरी ठेवता येत नाही, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. फळाच्या अंगी किती दिवस शिल्लक आहेत, यावर सौद्यात कोण दबणार ते ठरते.

या दिवसांचा हिशेब एका वायूभोवती फिरतो. 1901 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव या तरुण संशोधकाला प्रयोगशाळेत उगवलेले वाटाण्याचे अंकुर आखूड, जाड आणि आडवे वाढताना दिसले. बाहेरच्या हवेत तेच अंकुर सरळ वाढत. दोष दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या वायूत होता, आणि त्या मिश्रणातला प्रभावी घटक होता इथिलीन: दोन कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा साधा रेणू. 1910 मध्ये जमैकातील एच. एच. कझिन्स यांनी शेती खात्याच्या अहवालात इशारा दिला, की जहाजावर संत्री आणि केळी एकत्र ठेवू नयेत, कारण संत्र्यांतून निघणाऱ्या कशाने तरी केळी अकाली पिकतात. निरीक्षण अचूक होते, आरोपी मात्र बहुधा चुकीचा. निरोगी संत्रे इथिलीन फारसे सोडत नाही. त्याच्यावर वाढणारी हिरवी बुरशी मात्र ते सोडते.

पुढे 1924 मध्ये अमेरिकेच्या एफ. ई. डेनी यांनी दाखवले, की लिंबे पिवळी करण्यासाठी पेटवल्या जाणाऱ्या रॉकेलच्या शेगड्यांत काम उष्णतेचे नव्हते. ते धुरातल्या इथिलीनचे होते. आपल्याकडच्या वखारींत धूर कोंडून केळी पिकवणाऱ्यांना, आंब्याची अढी लावणाऱ्यांना किंवा तांदळाच्या डब्यात फळ पुरून ठेवणाऱ्या आजीला वायूचे नाव माहीत नव्हते, एवढाच फरक. धूर बाहेरून इथिलीन देतो, तर अढी फळांनीच सोडलेले इथिलीन कोंडून ठेवते.

फळ स्वतःच हा वायू तयार करते, याचा रासायनिक पुरावा 1934 मध्ये रिचर्ड गेन यांनी दिला. पिकत्या सफरचंदांवरून गेलेली हवा त्यांनी ब्रोमिनमधून नेली आणि साचलेल्या संयुगावरून इथिलीनची ओळख पटवली. त्याआधी केंब्रिजमध्येच किड आणि वेस्ट या जोडीने फळांचा श्वास मोजला होता. पिकण्याच्या सुरुवातीला श्वसनाचा वेग एकाएकी उसळतो आणि मग ओसरतो, हे त्यांना आढळले. केळ्यात ही उसळी फार ठळक असते. हवेच्या दहा लाख भागांत इथिलीनचा एखादाच भाग असला तरी ती सुरू होऊ शकते, आणि एकदा सुरू झाली की फळ स्वतःच आणखी इथिलीन सोडते. त्यामुळे एका पिकल्या केळ्याची बातमी साऱ्या खोलीला लागते.

श्वसनाच्या या कथेत बेंगळुरूहून निघालेली एक वाट येऊन मिळते. 1933 मध्ये कमला भागवत या विद्यार्थिनीने तेथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. केवळ स्त्री असल्यामुळे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला रॉबिन हिल यांच्याकडे काम करताना त्यांना बटाट्याच्या ऊतींत सायटोक्रोम सी आढळले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारे हे प्रथिन वनस्पतींतही असते, हे त्यातून दिसले. 1939 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि मराठी वाचक त्यांना कमला सोहोनी या नावाने ओळखतात. त्यांनी केळ्यावर काम केले नव्हते. पण गोदामातला प्राणवायू कमी केला की फळाचे पिकणे मंदावते, यामागची पेशीतली यंत्रणा हीच.

त्याच संस्थेच्या जीवरसायन विभागाचे प्रमुख व्ही. सुब्रह्मण्यन 1950 मध्ये म्हैसूरला सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. या संस्थेने फळांवर द्यायचे मेणाचे पायस विकसित केले आणि ते ‘वॅक्सॉल’ या नावाने प्रसिद्ध झाले. मेणाचा पातळ थर सालीची छिद्रे अंशतः बुजवतो. पाणी कमी उडते, प्राणवायू कमी शिरतो. 1967 मध्ये बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे भारतीय बागवानी संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या वाणांच्या नावाआधी येणारे ‘अर्का’ हे अर्कावती नदीवरून घेतलेले आहे. नवे वाण काढणे हे या संस्थेचे गाजलेले काम. काढणीपश्चात तंत्रज्ञानाचा तिचा विभाग त्या मानाने प्रसिद्धीपासून दूर राहिला. फळे पॉलिथिनच्या आवरणात घट्ट गुंडाळून साठवण्याचे प्रयोग तेथे झाले, आणि आवरणाचे हे काम वाटते तितके किरकोळ नाही.

बंद पिशवीत फळ श्वास घेते, त्यामुळे आतला प्राणवायू घटतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. दोन्ही वायू पिशवीच्या पडद्यातून सावकाश आरपार जात असतात. फळाचा वापर आणि पडद्यातली गळती यांचा तोल जेथे साधतो तेथे आतली हवा स्थिरावते. केळ्यासाठी ही स्थिती प्राणवायू दोन ते पाच टक्के असताना चांगली. पडदा फार जाड निवडला तर फळ गुदमरते आणि आंबूस, मद्यासारखा वास येतो. फार पातळ निवडला तर पिशवी असून नसल्यासारखी. 1970 मध्ये ऑस्ट्रेलियात स्कॉट आणि सहकाऱ्यांनी अशा पिशवीत पोटॅशियम परमँगनेट ठेवले. जांभळे परमँगनेट इथिलीनचे ऑक्सिडीकरण करते आणि स्वतः तपकिरी होते. त्यामुळे पुडीकडे पाहूनच तिचा दम संपला की नाही ते कळते. गंमत म्हणजे पॉलिथिनची पिशवी स्वतः इथिलीनच्याच रेणूंची साखळी आहे.

यानंतरचा पल्ला रेणूंच्या पातळीवरचा. 1979 मध्ये ॲडम्स आणि यांग यांनी वनस्पतीत इथिलीन ज्या संयुगापासून बनते ते ओळखले. नॉर्थ कॅरोलायनात सिसलर आणि ब्लँकनशिप यांनी 1-मिथिलसायक्लोप्रोपीन हा वायू पुढे आणला. इथिलीनला ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनावर तो आधीच जाऊन बसतो आणि निरोप पोचूच देत नाही. त्याचे पेटंट 1996 चे. सफरचंदांत त्याने व्यापार बदलला. केळ्यांत मात्र तो लहरी ठरला: वेळ चुकली तर एकाच फणीतली काही केळी पिकतात, काही हिरवट राहतात. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाने कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठासह हेक्सॅनल या वनस्पतिजन्य पदार्थाचे प्रयोग केले. पेशींच्या पटलांची मोडतोड करणाऱ्या विकराला तो आवर घालतो.

या साऱ्या रसायनांपेक्षा जुना आणि अजूनही सर्वांत बलवान उपाय म्हणजे थंडी. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढले की श्वसन सुमारे दुप्पट होते. म्हणजे 14 अंशांवर ठेवलेल्या घडापेक्षा 34 अंशांवरचा घड चौपट वेगाने आपले दिवस खर्च करतो. पण केळे उष्ण प्रदेशाचे. 13 अंशांच्या खाली साल काळवंडते आणि नंतर फळ धड पिकतही नाही. घरच्या फ्रिजमध्ये केळी का ठेवू नयेत, याचे उत्तर हेच. जळगावचा उन्हाळा आणि ही 13 अंशांची रेषा यांच्यामध्ये जी शीतसाखळी हवी, तिची कडी बहुतेकदा बागेच्या बांधावरच तुटलेली असते. ट्रकमध्ये एकावर एक रचलेले घड उन्हाचीच नव्हे, तर स्वतःच्या श्वासाचीही उष्णता साठवतात.

आणि शेवटच्या टप्प्यावर उलटी घाई असते. प्रवासात टिकवलेले हिरवे केळे आता झटपट पिवळे हवे. येथे कॅल्शियम कार्बाइड शिरते. त्यातून निघणारा ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, पण औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्याने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. दहा लाखांत 100 भागांपर्यंत इथिलीन वायू वापरण्याची मुभा 2016 पासून आहे. ज्या वायूपासून फळाला आठवडाभर जपले, तोच मग बंद खोलीत मोजून सोडायचा.

नीट जुळवले तर काय साधते, ते नोव्हेंबर 2023 मध्ये दिसले. बारामतीहून केळ्यांचा एक चाचणी कंटेनर समुद्रमार्गे निघाला आणि डिसेंबरमध्ये रॉटरडॅमला पोचला. काढणीचा नेमका टप्पा, तापमान आणि हवेचे प्रमाण यांची पद्धत लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेच्या साहाय्याने आखली होती. त्यात चमत्कारिक असे एकही रसायन नव्हते.

हे आकडे प्रामुख्याने कॅव्हेंडिश गटाच्या केळ्यांसाठी बसवलेले आहेत. जगाचा व्यापार त्यांचाच, आणि जळगावची ग्रँड नैनही त्यांतलीच. बेंगळुरूच्या बाजारात किलोवर तोलून घेतली जाते ती मात्र पातळ सालीची, बोटाएवढी एलक्की. तिची साल वेगळी, श्वास वेगळा. तिच्यासाठी पिशवीची जाडी, थंडीची रेषा आणि काढणीचा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो. केरळची नेंद्रन, नंजनगूडची रसबाळे यांचेही तसेच.