बंधारा, भुते आणि एकटी माणसे

आयर्लंडच्या वायव्येस लीट्रिम आणि स्लायगो असे दोन परगणे आहेत. त्यांच्या सरहद्दीवरच्या कुठल्याशा आडगावी दारूचे एक छोटे दुकान आहे. बाहेर वारा सुटलेला, बिअरचा नळ बिघडलेला, बायकांच्या मोरीची दुरुस्ती राहिलेली. गल्ल्यावरचा तरुण ब्रेंडन, साठीकडे झुकलेला मोटारदुरुस्तीवाला जॅक आणि म्हाताऱ्या आईला सांभाळणारा जिम, तिघेही बिनलग्नाचे. चौथा फिनबार, पैसेवाला आणि लग्न झालेला. तो डब्लिनहून आलेल्या एका बाईला गाव दाखवीत तिथे घेऊन येतो. पुरुष तिला भुतांच्या गोष्टी सांगतात, अखेर तीही एक सांगते, आणि मग सगळे घरी जातात. कॉनर मॅकफर्सनच्या ‘द वीअर’ या नाटकात याहून अधिक काही घडत नाही. ४ जुलै १९९७ रोजी लंडनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा लेखक अवघा २५ वर्षांचा होता. रॉयल कोर्ट या नाट्यसंस्थेची वास्तू दुरुस्तीसाठी बंद असल्याने प्रयोग दुसऱ्या एका थिएटरात, मोजक्या प्रेक्षकांपुढे करावा लागला. पुढे तेच नाटक मोठ्या रंगमंचावर दीर्घकाळ चालले, न्यूयॉर्कला गेले आणि १९९९ साली त्याला लंडनचे मानाचे ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले.

‘वीअर’ म्हणजे बंधारा. दुकानाच्या भिंतीवर जुनी छायाचित्रे आहेत. त्यांतले एक १९५१ साली वीजमंडळाने गावाजवळ बांधलेल्या बंधाऱ्याचे. जॅकच्या गोष्टीतले घर पऱ्यांच्या वाटेवर बांधलेले असते. रात्री दारावर टकटक होते, तीही खाली, लहान मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर. पाद्री येऊन घर पवित्र करतो आणि टकटक थांबते. ती पुन्हा ऐकू येते ती बंधाऱ्याचे काम चालू असताना. पाणी अडवले की त्या पाण्याच्या जुन्या धन्यांची वाट अडते, ही समजूत धुळ्याच्या माणसाला समजावून द्यावी लागणार नाही. आपल्याकडे डोहावर आणि विहिरीच्या काठी साती आसरा असतात, पिंपळावर मुंजा असतो, आणि ओळखीच्या शिवारात माणसाला रात्रभर फिरवणारा चकवा असतो.

हे नाटक खानदेशात करायचे म्हटले, तर ही भुते परदेशातून आणावी लागत नाहीत. बंधाराही आणावा लागत नाही. पांझरा नदीवर काही शतकांपूर्वीचे दगडी बंधारे आहेत आणि त्यांवर उभी राहिलेली फड पद्धत पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात नावाजलेली आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः न देता गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायचे, अशी ती रीत. रात्री पाटावर पाटकरी आणि पिकावर जागल्या. त्यांचा मोबदला धान्यात ठरलेला. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि पुष्कळ फड मोडले.

या मोडण्याचा हिशोब बहुधा हेक्टरांत मांडला जातो. मला त्यात दुसरीच एक गोष्ट दिसते. फडात रात्रीचे जागरण हे सगळ्या गावाचे काम होते. ते करणारी माणसे ठरलेली असत आणि त्यांच्या शेकोटीला येऊन बसणारी माणसेही असत. पंप आल्यावर प्रत्येकाचे पाणी वेगळे झाले आणि प्रत्येकाची रात्र वेगळी झाली. त्यातून शेतीची वीज वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीत मिळत आलेली. मोटार चालू करायला बारा-एकच्या सुमारास बॅटरी घेऊन मळ्याकडे निघालेला माणूस खानदेशात कोणी पाहिला नाही? त्याला सापाचे भय असते, बिबट्याचे असते. भुताचे भय मात्र कमी झाले आहे, कारण भुताच्या गोष्टीला निदान दोन माणसे लागतात.

मॅकफर्सनचे नाटक याच जागी बोट ठेवते. लीट्रिममध्ये शॅनन नदीच्या काठी त्याचे आजोबा एकटेच राहत. त्यांच्याकडे जाऊन बसताना हे नाटक सुचले, असे त्याने सांगितले आहे. त्याची माणसे भूत खरे की खोटे यावर वाद घालीत नाहीत. रात्र निभावून न्यायची म्हणून ती गोष्टी सांगतात.

मराठी रंगभूमीवर भूत आले ते मात्र थाटामाटाने. आगरकरांचे ‘विकारविलसित’, म्हणजे शेक्सपिअरचा हॅम्लेट, १८८३ साली छापले गेले. शाहूनगरवासी मंडळींच्या गणपतराव जोशांनी तो गाजवला, आणि मृत राजाचे भूत प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले. ‘द वीअर’मध्ये भूत एकदाही रंगमंचावर येत नाही. फक्त एक माणूस बोलतो आणि चौघे ऐकतात. नटाच्या दृष्टीने यात ऐकणे अधिक अवघड, असे माझे मत आहे. आपल्या स्पर्धांतून बोलणाऱ्यालाच पारितोषिक देण्याची चाल आहे, त्यामुळे ऐकण्याची तालीम कोणी घेत नाही.

पुरुषांच्या घोळक्यात एकटी बाई आणि तिचे मूल, हे मराठी प्रेक्षकाने पूर्वी एकदा पाहिले आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले. तिथे बेणारेबाईंचे दुःख खेळाच्या मिषाने ओरबाडून काढले जाते. व्हॅलरी आपण होऊन बोलते. तिची मुलगी पोहण्याच्या तलावात बुडून गेलेली असते, आणि काही महिन्यांनी टेलिफोनवर तिचा आवाज येतो: मला न्यायला ये. आतापर्यंत फुशारकीने गोष्टी सांगणारे पुरुष ओशाळतात, काहीबाही समजुती काढू लागतात. तेंडुलकरांचे पुरुष अधिक खरे की मॅकफर्सनचे, हे ज्याने त्याने आपापल्या गावाकडे पाहून ठरवावे.

आता भाषेचा प्रश्न, आणि येथे एक चमत्कारिक योग आहे. ज्या जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीत अहिराणी ‘खानदेशी’ या नावाने नोंदली गेली, तो जन्माने आयरिश. १८५१ साली डब्लिनजवळ जन्मला आणि तिथल्याच ट्रिनिटी कॉलेजात शिकला. पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, खानदेशी भिल्ली भाषांच्या पंगतीला बसवली गेली. ती मराठीची की गुजरातीची, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. त्याच १९०७ च्या जानेवारीत डब्लिनच्या ॲबी थिएटरात जॉन सिंग या दुसऱ्या ट्रिनिटीकराच्या ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’वरून दंगल उसळली होती. येट्सच्या सांगण्यावरून सिंग ॲरन बेटांवर जाऊन राहिला होता. एका जुन्या घरात मुक्कामाला असताना जमिनीच्या फटीतून स्वयंपाकघरातल्या मोलकरणींचे बोलणे आपण ऐकले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. एका आयरिशाने आमची बोली व्याकरणात नोंदवली आणि दुसऱ्याने स्वतःच्या देशातली बोली रंगमंचावर नेली. सिंगनंतर नव्वद वर्षांनी मॅकफर्सनला आडगावचे बोलणे लिहिताना कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, यामागे त्या दंगलीचे पुण्य आहे. खानदेशात हे काम बव्हंशी कवितेने केले. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी उतरून घेतलेली, म्हणून १९५२ साली ती छापता आली. नाटकाला असे उतरून घेणारे फारसे लाभले नाहीत.

आपण आयरिश नाटककार पूर्वीही घेतले आहेत, पण इंग्रज समजून. ‘ती फुलराणी’ पाहताना मूळचा बर्नार्ड शॉ डब्लिनचा, हे किती जणांच्या ध्यानात येते? पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली तिथे एक गोष्ट अचूक केली: लंडनची बोली सोडून दिली आणि आपल्या मातीतली बोली घेतली. ‘द वीअर’चेही तसेच करावे लागेल. जॅकचा आबा होईल, फिनबारचा शेठ, आणि ‘काय भो’ या दोन शब्दांत पहिल्या पाच मिनिटांचे काम होईल.

खरी अडचण दुकानाची. आयरिश खेड्यात दारूचे दुकान ही गावाची बैठक असते. तिथे परकी बाई आली तर तिच्यासाठी मद्य शोधून आणतात, फार तर पेला चुकीचा देतात. आपल्या गुत्त्यात बाई पाऊल टाकीत नाही, आणि टाकलेच तर नाटक तिथेच वेगळ्या वळणावर जाईल. म्हणून मी जागा बदलीन. हिवाळ्यात जळगावकडे मळ्यांतून भरिताच्या पार्ट्या होतात. पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात लांबट हिरवी वांगी भाजतात, पुऱ्या किंवा कळण्याच्या भाकरी असतात, बायकापोरे असतात, शहरातून आलेला पाहुणा असतो. जेवणे आटोपल्यावर चौघेपाच मागे राहतात आणि विस्तवाभोवती गोष्टी निघतात. परकी बाई तिथे सहज बसू शकते. जवळून पाट वाहत असावा आणि बंधारा अंधारात असावा.

दुसरी अडचण जागेचीच, पण निराळी. जळगावचे बालगंधर्व नाट्यगृह उघड्यावरचे आहे, आणि ते योग्यच, कारण ज्या नारायणाच्या नावाचे ते आहे त्याचे बालपण काही काळ याच गावात गेले आणि त्याचा गळा अशा मंडपांसाठीच होता. व्हॅलरीचा आवाज तिथे पोचणार नाही. धुळ्याच्या राजर्षी शाहू नाट्यमंदिरातही मागच्या रांगा रिकाम्या ठेवाव्या लागतील. शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, कापसाचे रिकामे गोदाम, साठ-सत्तर माणसे आणि एक दिवा पुरे.

नाटकातली शेवटची गोष्ट भुताची नाही. जॅक तरुणपणी सोडलेल्या मुलीच्या लग्नाला डब्लिनला जातो, तिथून उठून एका दुकानात शिरतो. त्याचा चेहरा पाहून दुकानदार फार काही न विचारता त्याला सँडविच करून देतो. रूपांतरकाराने येथे सँडविचची भाकरी जरूर करावी, पण दुकानदाराच्या तोंडी एकही जादा वाक्य घालू नये.

प्रयोग जेमतेम पावणेदोन तासांचा आहे आणि त्याला मध्यंतर नाही. चहा-वड्याच्या कंत्राटदारास हे आधी सांगून ठेवलेले बरे.