बास्करव्हिलचं अक्षर

जॉन बास्करव्हिल छपाईकडे वळला तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. बर्मिंगहॅममध्ये त्याने तरुणपणी सुलेखन शिकवलं होतं, थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरली होती आणि पुढे चकचकीत रोगणाच्या तबकांच्या धंद्यात पैसा मिळवला होता. १७५० च्या सुमारास हा पैसा त्याने छपाईच्या खिळ्यांत घातला. जॉन हँडीने त्याच्यासाठी पोलादी ठसे कोरले. त्या अक्षरांत बोरूचा आणि छिन्नीचा हात मला अजून स्पष्ट दिसतो: जाड रेघेतून एकदम बारीक होणारी वळणं, टोकांशी धारदार सेरिफ, पोटात भरपूर मोकळी जागा.

इतकी नाजूक रेघ त्या काळच्या कागदावर टिकणं कठीण होतं. कागदाच्या साच्यातल्या तारांचे वळ पानभर उमटत, शाई त्यात अडखळे. म्हणून १७५७ साली व्हर्जिल छापताना बास्करव्हिलने काही पानांसाठी विणलेल्या जाळीवर तयार झालेला गुळगुळीत कागद वापरला. शाई त्याने स्वतः बनवली, आणि छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढले. अक्षराच्या हलकेपणासाठी अख्खा छापखाना नव्याने उभारणारा हा माणूस मला म्हणूनच फार मोठा वाटतो.

लोकांना मात्र ते रुचलं नाही. बारीक रेघांनी वाचणाऱ्यांचे डोळे जातील, असं कोणी बेंजामिन फ्रँकलिनला ऐकवलं. फ्रँकलिनने त्याच्यासमोर कॅस्लन या दुसऱ्या अक्षरकाराच्या अक्षरांचा नमुना नाव फाडून ठेवला आणि तो बास्करव्हिलचा म्हणून सांगितला. गृहस्थाने त्यातही भराभर दोष दाखवले! १७६० च्या पत्रात फ्रँकलिनने हे स्वतः बास्करव्हिललाच कळवलं.

१७७५ मध्ये बास्करव्हिल वारला. त्याच्या पत्नीने, सेरा ईव्ह्जने, चार वर्षांनी ठशांसह टाइप फ्रान्सच्या नाटककार बोमार्शेला विकला. ऱ्हाइनकाठी केल इथे त्यातून व्हॉल्टेअरचं समग्र वाङ्मय छापलं गेलं. मूळ ठसे १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये परतले आणि केंब्रिजला गेले.

१९२३ मध्ये मोनोटाइप कंपनीने हे अक्षर पुन्हा घडवलं. नमुना होता बास्करव्हिलच्याच १७७२ च्या टेरेन्सच्या पुस्तकातला, मोठ्या मापाचा. पुण्यात पुस्तकांची पानं मांडताना मला या मोठ्या मापाची आठवण ठेवावी लागते. खरखरीत, पिवळसर कागदावर दहा पॉइंटखाली हे अक्षर मी लावत नाही, कारण इंग्रजी 'e'ची आडवी रेघ तुटते. कवितेला, नाटकाला, रुंद समास आणि दोन ओळींत चांगलं अंतर देऊन ते खुलतं. मराठी-इंग्रजी कविता समोरासमोर असतील, तर देवनागरीही सडपातळ घ्यावी लागते. नाहीतर शिरोरेघांनी डावं पान काळं होतं आणि उजवं पुसटलेलं दिसतं. प्रकाशक इंग्रजी ठळक करायला सांगतात. मी देवनागरी हलकी करून दाखवतो, आणि कागद थोडा बरा मागतो.