परदेशातून आलेला दगडी पाला

आषाढ वद्य एकादशीला नरसी नामदेवला परतवारी असते. पंढरीची वारी करून माघारी निघालेली माणसं हिंगोली जिल्ह्यातल्या या कयाधूकाठच्या गावी नामदेवांच्या पायावर डोकं टेकवायला येतात. दिवस पावसाचे, वाटा चिखलाच्या, कित्येकांचे पाय अनवाणी. चालताना ठेच लागून अंगठा फुटला, तर औषध बांधावरच असतं. करवतीसारख्या कडांची खरखरीत पानं तोडायची, तळहातावर चुरगळायची आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा. जरा चरचरतं, मग रक्त थांबतं. वरून चिंधी बांधली की पुढे चालायला मोकळे.

हा दगडी पाला. मुरमाड, दगडगोट्यांच्या जागी हमखास उगवणारा. उंच, बिनपानाच्या एकाच दांड्यावर फूल येतं म्हणून कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी, तर कुणी सरळ जखमजुडी.

इतका घरचा पाला, पण खुद्द नामदेवांना तो ठाऊक असणं शक्य नाही. परंपरेनुसार नामदेवांचा काळ 1270 ते 1350. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. कोलंबस अमेरिकेला पोचला 1492 मध्ये. त्याआधी या झाडाला मराठवाड्याची वाट कुठून सापडणार? नामदेवांच्या अंगठ्याला ठेच लागली असेलच, तर तिच्यावर हळद दाबली गेली असेल. हळद आपल्याकडची जुनी, आणि हिंगोलीचा बाजार आजही तिच्यासाठी ओळखला जातो.

स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये या झाडाला ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ असं नाव दिलं. त्यातल्या प्रोकम्बेन्सचा अर्थ भुईवर लोळणारं. चरक-सुश्रुतांत ते नाही. असणार तरी कसं! ‘जयंतीवेद’ हे भारदस्त संस्कृत नाव त्याला मागाहून चिकटलं. लोकांनी दिलेली नावं जास्त बोलकी आहेत. तमिळमध्ये ते ‘वेट्टुक्काय पूंडू’, म्हणजे कापल्याच्या जखमेचं झुडूप. तेलुगूत ‘गड्डी चामंती’, गवती शेवंती. पोथीत नसलेलं झाड लोकांनी हाताळून, चोळून, लावून पाहिलं आणि आपलंसं केलं.

प्रयोगशाळा त्यामानाने उशिरा जागी झाली. 1980 च्या दशकापासून भारतीय संशोधकांनी या पाल्याचा अर्क उंदरांच्या जखमांवर वापरून पाहिला आणि जखम भरण्यावर त्याचा परिणाम होतो, हे नोंदवलं. अर्थात गंजका पत्रा लागला असेल तर पाला चोळत बसू नये; धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दवाखाना गाठावा.

या पाल्याचा एक घोळ माक्याशी, म्हणजे भृंगराजाशी होतो. काही वैद्यांकडे भृंगराज म्हणून हाच पाला यकृताच्या विकारांवर दिला गेल्याची नोंद आहे. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातले, पण ओळखायला अवघड नाहीत. माका पाटाच्या कडेला, ओलीत वाढतो आणि त्याचं फूल बारीक, पांढरट. दगडी पाल्याला कोरडी जागाही चालते. त्याच्या फुलाचा मध्य पिवळा आणि भोवतीच्या पांढुरक्या पाकळ्यांच्या टोकाला तीन दाते. फूल सुकलं की बियांना केसाळ छत्री येते आणि त्या वाऱ्यावर निघतात.

त्याच कुळातलं गाजरगवतही अमेरिकेकडचंच. 1955 च्या सुमारास ते पुण्यात दिसलं आणि अंगाला खाज आणणारं म्हणून शिव्या खात राज्यभर पसरलं. दगडी पाल्याच्या वाट्याला तसा राग आला नाही. तिकडे अमेरिकेच्या केंद्र सरकारने मात्र त्याला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलं आहे.

शेतात तण तर तो इथेही आहेच. निंदणीला बसलेल्या बाया इतर गवताबरोबर त्यालाही उपटून बांधावर फेकतात. खुरपं बोटाला लागलं, की त्याच ढिगात हात घालून त्याची पानं शोधतात.