फिरते डॉप्लर लिडार

फिरते डॉप्लर लिडार हे वाहनावर बसवलेले, लेझर किरणांच्या साहाय्याने वाऱ्याचा वेग दुरून मोजणारे उपकरण आहे. तीव्र वादळांच्या आसपासच्या, विशेषतः जमिनीलगतच्या वाऱ्यांच्या अभ्यासासाठी त्याचा उपयोग होतो.

कार्यतत्त्व

उपकरणातून अवरक्त लेझरचे स्पंद सोडले जातात. हवेतील धूळ, धूर व क्षारांचे सूक्ष्म कण त्यांचा अल्पांश मागे विखुरतात. हे कण वाऱ्याबरोबर वाहत असल्याने परतलेल्या प्रकाशाची वारंवारता बदलते. यास डॉप्लर परिणाम म्हणतात. तरंगलांबी १.५ मायक्रोमीटर व किरणाच्या दिशेतील वारा सेकंदाला १ मीटर असल्यास हा बदल सुमारे १.३ मेगाहर्ट्झ असतो. एका किरणातून केवळ त्याच दिशेतील वेग कळतो. म्हणून किरण निरनिराळ्या दिशांना वळवला जातो. वाहन चालते असल्यास त्याचा स्वतःचा वेग हिशेबातून वगळावा लागतो.

रडारशी तुलना

हवामान रडारला मुख्यतः पावसाच्या थेंबांकडून प्रतिध्वनी मिळतो, तर लिडार कोरड्या हवेतही वारा मोजते. मात्र त्याचा पल्ला सहसा काही किलोमीटरच असतो आणि दाट ढग वा मुसळधार पाऊस त्याला भेदता येत नाही. त्यामुळे ही साधने परस्परपूरक ठरतात. ओक्लाहोमा विद्यापीठाचे हॉवर्ड ब्लूस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० व २०११ मध्ये रडार व लिडार एकाच वाहनावर बसवून चक्रीवातांजवळील वाऱ्यांची निरीक्षणे घेतली.

मुंबईच्या संदर्भात

मुंबईत कुलाबा येथे डॉप्लर रडार असून वेरावली येथील दुसरे रडार जानेवारी २०२२ मध्ये कार्यान्वित झाले. कुलाबा व सांताक्रूझ येथील वेधशाळांतील वायुवेगमापक त्या त्या जागेचाच वेग नोंदवतात. तौक्ते चक्रीवादळात १७ मे २०२१ रोजी कुलाब्यास ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला; परंतु या दोन वेधशाळांच्या दरम्यान असलेल्या परळ, नायगाव, दादर या दाट वस्तीतील वारा अशा एका आकड्यावरून ठरवता येत नाही. नायगावच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि अशा इमारतींमुळे वाऱ्याची दिशा व जोर अंतराअंतरावर बदलतो.

१३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळासह आलेल्या सोसाट्याच्या वाऱ्यात घाटकोपर येथे महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी नायगावशेजारच्या वडाळ्यात बांधकाम चालू असलेला पार्किंगचा लोखंडी मनोरा पडला. गर्जन्मेघातून खाली येणारी थंड हवा जमिनीवर पसरताना असे झोत पावसाच्या आधी पोहोचतात. त्या वेळी हवेत थेंब नसतात, धूळ मात्र असते. लिडारच्या मापनास हीच स्थिती अनुकूल असते.