कृषी व मृद्‌संधारण योजना (जळगाव जामोद तालुका)

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील जळगाव जामोद तालुक्यात शेतकऱ्यांना उपलब्ध असलेल्या शासकीय अनुदानाच्या योजना व त्या मिळविण्याची रीत. तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा असून जमीन दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरत जाते. पायथ्याच्या निचऱ्याच्या जमिनीत संत्र्याच्या बागा होतात, तर पूर्णेकडे खारपाणपट्टा, म्हणजे भूजल खारे व काळी चिकण जमीन क्षारयुक्त असलेला प्रदेश, लागतो. त्यामुळे कोणती योजना घ्यावी हे शेत कोठे आहे यावरच पुष्कळसे ठरते. पायथ्याशी विहिरीचे अनुदान उपयोगी पडते. खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागले तरी ते पिकाला मानवत नाही, म्हणून तेथे पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारे शेततळे आणि रुंद वरंबा-सरी यांनाच अर्थ उरतो.

हा भेद आखणीतच मान्य झाला, तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावेही घेण्यात आली, आणि लाभार्थी निवडीत ग्रामसभेतून स्थापन झालेल्या ग्राम कृषी संजीवनी समितीला स्थान मिळाले. इतर बहुतेक योजनांत असा स्थानिक विचार आढळत नाही.

योजना मिळत नाहीत याचे खापर सहसा शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडले जाते. वस्तुतः अडचण कार्यालयांच्या विभागणीत अधिक आहे. ठिबक सिंचनाचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावरून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो (केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतरांना 45 टक्के अनुदान असून राज्य त्यात पूरक भर घालते). अनुसूचित जमातींसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना जिल्हा परिषदेकडे, म्हणजे तालुक्यात पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे आहेत. रोजगार हमीतील विहीर मात्र ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून येते. एकाच विहिरीला अशा तीन वाटा असल्या तरी लाभ एकदाच घेता येतो. पीक व जमिनीविषयीचा तांत्रिक सल्ला सातपुडा शिक्षण संस्थेच्या जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रात मिळतो, पण अनुदान मंजूर करणे हे त्या केंद्राचे काम नव्हे.

रोजगार हमीतील फळबाग योजनेच्या निकषांत न बसणाऱ्यांसाठी 2018 मध्ये राज्याने वेगळी फळबाग लागवड योजना सुरू केली. तिला खामगावचे दिवंगत नेते व माजी कृषिमंत्री भाऊसाहेब फुंडकर यांचे नाव आहे. तिचे अनुदान तीन वर्षांत 50, 30 व 20 टक्के असे मिळते आणि पुढील हप्ते झाडे जगल्याच्या प्रमाणाशी बांधलेले असतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याची सोय नसलेल्या शेतात ती घेणे धोक्याचे ठरते.

मृद्‌संधारणाची निकड जुलै 2023 मधील अतिवृष्टीने दाखवून दिली. त्या वेळी तालुक्यात शेतांचा वरचा थर खरडून गेला. अशा जमिनीची मदत महसूल विभागाकडून पंचनाम्यावरून मिळते. महाडीबीटीवर तिचा अर्ज नसतो.