एका तुकड्याचा अ‍ॅल्युमिनियम शाफ्ट: व्हिडिओतली मस्टँग आणि दारातली पिकअप

मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. लिफ्टवर चढवलेली अमेरिकन गाडी, खालून काढलेला काळा जड लोखंडी शाफ्ट आणि त्याच्या जागी बसवलेला चकचकीत, जाडजूड पण हलका अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट. गाडी हलकी झाली, पिकअप वाढला, व्हायब्रेशन गेलं, असं पुढे सांगितलं जातं. ते बघून आपल्याकडच्या बोलेरो, पिकअप, टेम्पोवाल्यांच्या मनातही येतं, की दर दोन वर्षांनी सेंटर बेअरिंग बदलण्यापेक्षा एकदाच असा एका तुकड्याचा शाफ्ट टाकून मोकळं का होऊ नये? उत्तर देण्याआधी हा शाफ्ट काय काम करतो ते बघावं लागेल.

शाफ्ट कुठे असतो, कुठे नसतो

इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे, अशा गाडीत गिअरबॉक्सची ताकद मागच्या डिफरन्शियलपर्यंत नेणारी जी लांब नळी फिरते, ती म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गॅरेजमध्ये नुसतं शाफ्ट म्हणतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, ईको, टेम्पो ट्रॅव्हलर, ट्रक आणि एसटी, सगळ्यांना तो आहे. अल्टो, स्विफ्ट, अर्टिगा या गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात, त्यांना तो नाहीच. त्यांच्या पुढच्या चाकांना दोन आखूड एक्सल शाफ्ट असतात आणि तो वेगळा विषय आहे.

ही नळी आतून पोकळ असते. खड्ड्यातून जाताना मागचा एक्सल वर-खाली होतो, गिअरबॉक्स मात्र चॅसीला धरून जागेवर असतो. म्हणजे शाफ्टला फिरता फिरता वाकण्याची आणि लांबी कमी-जास्त करण्याचीही सोय लागते. वाकण्यासाठी टोकांना क्रॉस बसवतात, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, ज्याच्या चारही टोकांवर सुई बेअरिंगच्या टोप्या असतात. लांबी बदलण्यासाठी दातेरी स्लाइडिंग जोड असतो, त्याला स्प्लाइन म्हणतात.

क्रॉसची एक खोड आहे. तो तिरका चालला की पुढचं टोक एकसारखं फिरत असलं तरी मागचं टोक एका फेऱ्यात दोनदा किंचित जलद आणि दोनदा किंचित हळू फिरतं. म्हणून दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस बसवतात, तोही तेवढ्याच कोनात, म्हणजे पहिल्याची चूक दुसरा भरून काढतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांची कानं म्हणजे योक एका रेषेत हवेत. स्प्लाइनचा जोड एक दाता जरी चुकीचा बसला तरी गाडी थरथरायला लागते. शाफ्ट काढण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना खडूने नव्हे, पेंटने किंवा पंचने खूण करायला मेकॅनिकला सांगावं. ही अर्ध्या मिनिटाची खूण राहून गेल्यामुळे चांगले क्रॉस आणि चांगलं सेंटर बेअरिंग विनाकारण बदललं जातं, आणि थरथर तशीच राहते.

दोन तुकडे का करतात

लांब नळी जोरात फिरवली तर एका ठरावीक वेगाला ती मधोमध पोटातून बाहेर फुगल्यासारखी वाकते आणि दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी झुलायला लागते. या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तिथपर्यंत शाफ्ट पोचला तर तो वाकतो किंवा तुटतो, म्हणून गाडीचा सर्वाधिक वेग त्याच्या बराच खाली ठेवतात.

या वेगाचा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. नळीची लांबी दुप्पट केली की क्रिटिकल स्पीड चौथाईवर येतो. नळीचा व्यास वाढवला की तो त्याच प्रमाणात वाढतो. दीड मीटर लांब आणि ७५ मिलिमीटर व्यासाची पातळ नळी धरली, तर कागदावरचा आकडा मिनिटाला साधारण ५,६०० ते ५,७०० फेरे असा येतो. तीच नळी १०० मिलिमीटरची केली तर साधारण ७,५००. प्रत्यक्षात क्रॉस, वेल्डिंग, झीज यामुळे मर्यादा याच्याही खाली येते.

यावर कारखान्यांनी काढलेला सोपा मार्ग म्हणजे लांब शाफ्टचे दोन तुकडे करायचे आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग चॅसीला टांगायचं. तुकडा आखूड झाला की झुलण्याचा प्रश्न मिटतो. रबरामुळे आवाज आणि हादरा आत येत नाही, आणि मजल्याखाली जागाही कमी लागते. लांब चॅसीच्या ट्रकला तर तीन-तीन तुकडे असतात.

मग मस्टँगला एकच तुकडा का टाकतात

अमेरिकेत या बदलाचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे फोर्ड मस्टँग. २००५ ते २०१४ च्या पिढीतल्या मस्टँग जीटीला कंपनीकडून दोन तुकड्यांचा लोखंडी शाफ्ट येत असे. तिथे हौशी लोक या गाड्या सरळ पट्टीवर पाव मैलाच्या शर्यतीत पळवतात. सुटताना जोराचा झटका बसतो, सेंटर बेअरिंगचं रबर पिळतं. वेग २४० किलोमीटरच्या आसपास नेला तर शाफ्ट मिनिटाला ७,००० फेऱ्यांच्या घरात जातो. म्हणून मधलं बेअरिंग काढून टाकून मोठ्या व्यासाचा एकच अ‍ॅल्युमिनियम शाफ्ट बसवतात. वजन जवळपास निम्म्यावर येतं आणि मधला एक जोड कमी होतो. २०१३ च्या शेल्बी जीटी ५०० मॉडेलला तर फोर्डने स्वतःच एका तुकड्याचा कार्बन फायबरचा शाफ्ट दिला होता. मस्टँग भारतात अधिकृतपणे आली ती २०१६ मध्ये, पुढच्या पिढीची.

इथे एक गैरसमज मोठा आहे. अ‍ॅल्युमिनियम हा धातू म्हणून लोखंडापेक्षा जास्त वेग सहन करतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं आहे, पण ताठपणालाही ते एक तृतीयांशच आहे. त्यामुळे त्याच मापाची नळी लोखंडाची असो की अ‍ॅल्युमिनियमची, क्रिटिकल स्पीड जवळपास सारखाच येतो. फायदा असा, की धातू हलका असल्यामुळे नळी जाड व्यासाची करता येते आणि तरीही वजन कमीच राहतं. व्हिडिओतला शाफ्ट एवढा लठ्ठ दिसतो तो त्यामुळे. आणि लठ्ठ नळीला गाडीखाली जागा लागते. सायलेन्सर, ब्रेकचा पाईप, डिझेलची टाकी यांना ती घासता कामा नये, एक्सल पूर्ण वर आला तरी आणि पूर्ण खाली लोंबला तरी.

पिकअप वाढण्याचं म्हणाल, तर तो फरक फार थोडा. शाफ्टचं वजन त्याच्या मध्यरेषेच्या अगदी जवळ असतं. चाक-टायर फिरवायला जेवढी ताकद लागते त्यापुढे ते किरकोळ आहे. शर्यतीत सेकंदाच्या बारीक भागाला किंमत असते. डिझेलच्या खर्चात मात्र तो दिसणार नाही.

शर्यतवाल्यांची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. जलद गाड्यांना तिथल्या नियमानुसार पुढच्या क्रॉसच्या ६ इंचांच्या आत शाफ्टभोवती लोखंडी कडं लावावं लागतं. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ नये, म्हणून ते.

आपल्या पिकअपचा हिशोब

टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या जरा आत आणि मागच्या एक्सलचं गुणोत्तर ४ धरलं, तर ताशी ८० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेतो. म्हणजे ज्या वेगासाठी अमेरिकेत हा खर्च करतात, त्याच्या जवळपासही आपली गाडी जात नाही. आपल्याकडे शाफ्ट मरतो तो वेगाने नाही, ओझ्याने. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन मीटर आणि पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४ धरा, शाफ्टवर ८०० येतात. उसाच्या फडातून किंवा कांद्याच्या चाळीवरून भरलेली गाडी चिखलात फसली, ड्रायव्हरने रेस देऊन क्लच एकदम सोडला, की त्या क्षणी क्रॉसवर जे बसतं ते हायवेवर वर्षभरात बसत नाही.

दुसरं कारण पाट्यांचं. जास्त माल बसावा म्हणून मागे एक-दोन जादा पाटे टाकायची आपल्याकडे रीत आहे. त्याने रिकाम्या गाडीचा मागचा भाग उचलला जातो, क्रॉसचे कोन बदलतात, पुढचा आणि मागचा कोन सारखा राहत नाही. मग रिकामी गाडी सुटताना घुर्र करून थरथरते आणि दोष मात्र सेंटर बेअरिंगला लागतो. पाटे आणि कोन न बघता एका तुकड्याचा लांब शाफ्ट बनवून घेतला, तर ती थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढण्याचीच शक्यता जास्त.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. लोखंडी नळीला पोचा आला, वेल्ड सुटला, तर तालुक्याच्या लेथवर ती सरळ करून, वेल्ड करून, जिल्ह्याच्या ठिकाणी बॅलन्सिंग करून मिळते. अ‍ॅल्युमिनियमला साध्या काडीचं वेल्डिंग चालत नाही. टिग वेल्डिंग केलं तरी उष्णतेने जोडाजवळचा धातू मऊ पडतो. शेताच्या वाटेवर उडालेल्या दगडाने नळीला खोल पोचा आला तर ती टाकूनच द्यावी लागते. पोचा आलेली नळी पिळाखाली तिथूनच मुडपते. शिवाय कोकणच्या खाऱ्या हवेत लोखंडी बोल्टला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम पांढरी पावडर धरून खात जातं.

थोडक्यात, ज्याच्याकडे जोरदार इंजिनाची, शर्यतीत पळवायची गाडी आहे त्याने तो बदल जरूर करावा, तोही त्याच मॉडेलसाठी मापून बनवलेला, बॅलन्सिंग केलेला शाफ्ट घेऊन. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमला आणि विमा कंपनीला आधी विचारावं. भाड्याच्या पिकअपला त्याच पैशात चांगल्या कंपनीचे क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि बॅलन्सिंग करून घेणं परवडतं.

आवाजावरून ओळख

गिअरमध्ये टाकताना किंवा पुढे-मागे करताना 'टक्क' असा आवाज आला तर क्रॉस किंवा स्प्लाइन झिजली आहे. हळू चालताना चिमणीसारखा चिवचिव आवाज म्हणजे क्रॉसच्या टोपीतलं ग्रीस संपलं. टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया खलास, तो क्रॉस त्याच आठवड्यात बदलावा. भरलेली गाडी सुटताना पोटाखाली धडधड झाली तर सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का बघावं. एका ठरावीक वेगालाच थरथर येत असेल तर बॅलन्सिंगची गडबड. पण पावसाळ्यात गॅरेजला जाण्याआधी शाफ्ट धुऊन बघा. काळी माती एका बाजूला चिकटून वाळली की बॅलन्स बिघडतो, आणि शंभर रुपयांच्या वॉशिंगने जे जातं त्यासाठी हजारो रुपयांचं सामान बदललं जातं. शाफ्टवर गुंडाळलेली सुतळी, ठिबकची नळी, प्लास्टिक हेही त्याच वेळी काढावं. नळीवर चिकटवलेला पत्र्याचा छोटा चौकोनी तुकडा मात्र उपटू नये, तो बॅलन्सिंगचं वजन आहे.

ग्रीसचं निपल असलेल्या क्रॉसला गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंतरावर ग्रीस द्यावं. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर आधीच. चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत पंप मारावा, एका टोपीतून आलं म्हणून थांबू नये.

शाफ्ट काढताना आणि तुटल्यावर

हे प्रत्येक गाडीवाल्याने घरच्या पोरांनाही सांगून ठेवावं. शाफ्ट काढला किंवा तुटला की इंजिन आणि मागची चाकं यांचा संबंध संपतो. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली आहे म्हणून ती थांबेल असं धरून खाली शिरणारा माणूस उतारावर जिवाशी खेळतो. शेवटचा बोल्ट सुटला की गाडी निघते. काही जुन्या जीपना तर हँडब्रेकचा ड्रमही शाफ्टवरच असतो, म्हणजे शाफ्टबरोबर हँडब्रेकही गेला. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून दोन्हीकडे दगड किंवा लाकडी गुटके, आणि नुसत्या जॅकवर नव्हे तर स्टँडवर गाडी, एवढं झाल्याशिवाय पाना लावू नये.

घाट उतरताना शाफ्ट तुटला तर इंजिनचा ब्रेक लगेच जातो. रेस वाढते पण गाडी ओढत नाही, खालून जोराचा ठोका ऐकू येतो. अशा वेळी गिअरशी खेळत बसू नये. पायातला ब्रेक एकसारखा दाबून, डोंगराच्या बाजूला घेऊन गाडी थांबवावी. लोंबता शाफ्ट ब्रेकचा पाईप तोडू शकतो, म्हणून "पुढच्या गावापर्यंत नेऊ" हा विचार सोडून द्यावा. आधी चाकाला दगड लावायचा, मग खाली वाकून बघायचं.