पळसमैना : वर्धा परिसरातील पक्षिस्थलांतर व लोकस्मृती

भारतातील पक्षिनिरीक्षणाचा इतिहास बहुधा १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपासून मांडला जातो. डॉ. सालिम अली यांचा भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९४१ मध्ये प्रकाशित झाला. या लिखित परंपरेचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि तिच्याबाहेरही एक साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे पक्ष्यांची लोकनामे.

या दृष्टीने भोरडीचे ‘पळसमैना’ हे नाव विचारार्ह ठरते. वर्धा जिल्ह्यात फाल्गुनात पळस फुलतो. हिवाळा येथे घालवून मध्य आशियाकडे परतणारे भोरड्यांचे थवे याच सुमारास पळसफुलांतील मधुरसासाठी उतरतात. ऋतू, वृक्ष आणि पक्षी यांचा हा संबंध एकाच शब्दात नोंदविला गेला आहे. ज्वारीची राखण करणाऱ्या शेतकऱ्याचे निरीक्षणही असेच अलिखित राहिले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी ‘पक्षिकोशा’त पक्षिनामांचे संकलन केले. ते इतिहाससाधनांचेच जतन होय.

धुऱ्यावरील पळस तोडला गेला की थव्याचा विसावा जातो आणि नावामागील अनुभवही लोपतो. म्हणून वयोवृद्ध शेतकऱ्यांकडून अशा नामांचे संकलन करणे हे प्राणिशास्त्राइतकेच इतिहास विभागांचेही कर्तव्य ठरते.